उशाशी लावलेलं बटण

दादाच्या हुशारीचं कौतुक मला आजही करवत नाही. शिलाई मशीन दुरुस्त करणारा माणूस. नव्या मशीनमध्ये चिप आली, गिऱ्हाईक तुटायला लागलं, तसा पन्नाशीत हा गृहस्थ संध्याकाळच्या क्लासला जाऊन चिपचा प्रोग्राम लिहायला शिकू लागला. जेवतानाही तेच पुराण. या चिपची मेमरी किती तुटपुंजी, बॅटरी किती जपावी लागते, एका वेळी एकच काम कसं करते.

"म्हणजे अगदी तुमच्यासारखीच," वहिनी म्हणायची.

पक्षाघाताने बाबांची उजवी बाजू गेली होती. व्यायामाने हात जरा हलू लागला, पण बोटांना स्पर्श कळेना. आवाजही पार खोल गेलेला. दादाने तसलीच एक चिप बसवून त्यांच्या उशाशी बटण लावलं. दाबलं की स्वयंपाकघरात घंटा वाजायची. बाबा हट्टाने उजव्याच बोटाने दाबायचे, आणि वाजली की गालात हसायचे.

मग ती कधी वाजायची, कधी नाही. एकदा बिचाऱ्यांचं अंथरूण ओलं झालं.

"दाबलं होतं रे मी."

दादाने दाबून पाहिलं. वाजली.

"बाबा, नीट दाबत जा ना. यंत्र कशाला खोटं बोलेल?"

बाबा बोटाकडे बघत राहिले. ते बटणावर टेकलं होतं की नाही, हे त्यांना तरी कुठे कळत होतं? हळूहळू त्यांनी दाबणंच सोडलं, मग व्यायामही. काही हवं असलं की डाव्या हाताने पलंग ठोकायचे.

पुढे क्लासमध्ये मास्तरांनी शिकवलं, चिपला 'थांब' सांगितलं की तेवढ्या वेळात बटण दाबलेलं तिला कळतच नाही. आणि आमच्या शहाण्याने बॅटरी वाचवायला तिला दर थोड्या वेळाने थांबवून ठेवलं होतं. बाबांचा दाब हलका, क्षणभराचा. नेमका मधल्या वेळात वाया जायचा. हा स्वतः दाबायचा तो अंगठा बराच वेळ रोवून, म्हणून वाजायची.

दादा तडक घरी आला, प्रोग्राम बदलला आणि पलंगाशी बसला. तोंड एवढंसं झालेलं.

"चूक माझी होती, बाबा. तुम्ही बरोबर दाबत होतात. तुमचं बोट चांगलं होतं."

"उगाच समजूत घालू नकोस," बाबा म्हणाले. चिडले असते तर बरं झालं असतं.

मी दारातच उभी होते. दादाचा राग येत होता आणि रडूही. त्याने आपलं बोट बटणावर नुसतं टेकवलं. घंटा वाजली. पुन्हा टेकवलं, पुन्हा वाजली.

"ते तुझं बोट आहे," बाबा म्हणाले, आणि डाव्या हाताने आपला उजवा हात उचलून त्यांनी चादरीखाली ठेवला.