घरचं जेवण आणि मेहनत

आमच्या जिममध्ये रोहन नावाचा एक तरुण येतो. त्याचे व्यायामाचे व्हिडिओ हजारो लोक बघतात. परवा सकाळी तो फोनसमोर उभा राहून सांगत होता, "फक्त घरचं जेवण आणि मेहनत. बाकी काही नाही." मी शेजारीच दोन किलोची डंबेल्स उचलत होते. त्याने शर्ट काढला आणि त्याची रुंद पाठ दिसली. ती लालभडक पुटकुळ्यांनी भरली होती. दिवाळीपर्यंत हाच मुलगा किती काटकुळा होता, ते आठवलं.

फोन बंद झाल्यावर मी विचारलं, "रोहन, खरं सांग. अंग फुगवायची स्टेरॉइडची इंजेक्शनं घेतोस का रे?"

तो हसला. मग इकडेतिकडे बघून हळूच म्हणाला, "काकू, तुम्ही मात्र चुकूनही घेऊ नका."

मला त्याची कीव आली. राग आला तो स्वतःचा. खांदा आखडला म्हणून छप्पन्नाव्या वर्षी मी इथे यायला लागले. वर्षभराने हात कसाबसा डोक्याच्या वर जाऊ लागला, तरी या पोराकडे बघून मी रोज स्वतःला आळशी म्हणत होते. त्या फोनपलीकडे असं स्वतःला बोल लावणारे किती असतील?

"हे तुझे व्हिडिओ बघणाऱ्यांनाही सांग," मी म्हटलं.

"सांगितलं तर बघणार कोण?"

"मी बघेन. आणि सांगेपर्यंत रोज विचारेन."

काल विचारलं. आज विचारलं, तेव्हा त्याने नजर चुकवली. उद्याही विचारणार आहे.