जावळाची हलगी

"ए हलगीवाल्या, तिथंच थांब. आत यायचं न्हाई. अन् हात थांबवायचा न्हाई."

औसा रोडवरच्या एका शेताच्या फाटकापाशी मी उभा होतो. पाणी मागितलं. मला हटकणाऱ्या, शर्ट खोचलेल्या त्या माणसानं बाटली उचलली आणि वरूनच ओतली. मी ओंजळ केली. माझी पोरगी लातूरला नर्सिंग शिकते, घरात फ्रिज आहे, तरी ओंजळ केली. हात आपोआप जुळले. त्याची लाज वाटते. पण त्या दिवसातली ती सगळ्यात लहान लाज.

सुपारी जावळाची होती. शेतमालकाच्या नातवाचं जावळ, दुपारभर वाजवायचं. पोचलो तर नातू नाही, न्हावी नाही, एक बाईमाणूस नाही. चूल पेटलेली नाही. गोदामाचं शटर अर्धं खाली, समोर नंबर नसलेली जीप. मला काही कळलं नाही असं म्हणणार नाही. कळलं होतं. म्हटलं, मोठ्यांच्या भानगडीत आपण कशाला पडा. आणि वाजवायला लागलो.

माझी हलगी चामड्याची. वाजवता वाजवता सैल पडते, मग जाळावर शेकावी लागते. आता फायबरच्या निघाल्यात, त्यांना जाळ लागत नाही. तसली असती तर मी आज सुखानं झोपलो असतो. तुराट्या पेटवल्या, हलगी जाळावर धरली. वाजणं थांबलं आणि गोदामातून माणसाचा आवाज आला.

"मला ठावं न्हाई वो साहेब. आईची आन."

मग शब्द नव्हतेच. नुसतं ओरडणं.

शर्टवाला माझ्याकडे आला. "देशाचं काम चालू हाय. बॉम्बवाला हाय त्यो. उद्या लातूरच्या स्टँडवर फुटला तर तुझंच लेकरू मरंल. वाजव."

लेकरू म्हणाला आणि मला पटलं. हेच सांगायला जड जातं. भीतीनं वाजवलं म्हटलं तर लोक सोडून देतात. मला पटलं होतं. पोरगी रोज त्याच स्टँडवर उतरते. मी हलगी कडक तापवली आणि जीव तोडून वाजवली. शेजारच्या वावरात सोयाबीन काढणाऱ्या बायांना फक्त हलगी ऐकू गेली. एकीनं लांबून हात केला. मीही मान हलवली.

पुढच्या बाजाराला औशात एक बाई आली. मुखेडकडची. नवऱ्याचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान, तिथून त्याला साध्या कपड्यातल्या माणसांनी उचललेलं. पोलीस ठाण्यात जावं तर म्हणत, असा कुणी आमच्याकडं नाही. कोर्टात उभा केला नाही. नंबर नसलेली जीप औशाकडं गेली एवढंच तिला कळलेलं. मोबाइलवरचा फोटो दाखवत ती पालापालानं फिरत होती. माझ्यापाशी आली.

"भाऊ, ह्यांना कुठं बघितलं का?"

"न्हाई."

खोटं नव्हतं. बघितलं नव्हतंच. ऐकलं होतं. "बरं भाऊ," म्हणाली आणि पुढच्या पालाकडं गेली.

मी बाजारातच होतो, तेवढ्यात फोन वाजला. शर्टवालाच. "उद्या परत ये. जावळ हाय."

"त्याच नातवाचं?"

तिकडून जातीवरून शिवी आली. ती मला नवी नव्हती. पण डोक्यात लख्ख उजेड पडला. परत जावळ म्हणजे तो माणूस अजून जिवंत आहे. आणि देशाचं काम असेल तर कोर्टात करा, चारचौघांत करा. त्याला माझी हलगी कशाला लागते? तो असेलही बॉम्बवाला, मला काय माहीत. पण हे सरकार निवडायला मीही मत देतो. म्हणजे ते शटर माझ्याही नावानं खाली ओढलंय.

"येत न्हाई," म्हणालो आणि फोन बंद केला.

ती बाई औशाच्या स्टँडवर लातूरच्या गाडीची वाट बघत होती. म्हणालो, "ताई, मी सांगितलं न्हाई तुमाला. तुमच्या मालकाचा आवाज ऐकलाय मी."

"जिते हायेत का?"

"त्या दिशी होते. मला परत बोलावलंय, म्हंजी असतील."

"मग मघाशी कामून बोलला न्हाई?"

तिच्यासोबत लातूरला गेलो, तिच्या वकिलासमोर सगळं बोललो. मी वाजवलं, हेही बोललो. वकील म्हणाला, "कोर्टात हेच सांगितलंत तर तुम्हालाही उचलतील."

उचलू देत. उद्या कोर्टात सांगणार आहे.

आज सकाळी आमच्या गल्लीत हलगीवाल्यांच्या दारोदार फिरून आलो. प्रत्येकाला एकच सांगितलं. "मला नेलं अन् तुमाला जावळाची सुपारी आली, तर आधी लेकरू दाखवा म्हणा. लेकरू नसंल तर हलगी वाजवू नका. मला वरडू द्या. रस्त्यावर ऐकू गेलं पाहिजे."