प्रभुभोजनाची भाकर

शमुवेल पाळकसाहेबांचा उपदेश ऐन रंगात आला की ते मध्येच थांबत, चष्मा काढत आणि विचारीत, "मंडळी, माझं इथं काही चुकतंय का?" आता पाळकानेच असं विचारल्यावर मंडळीने करायचं काय? आम्ही गायनाच्या पुस्तकात माना घालायचो. माझे वडील चर्चच्या पंचांपैकी एक. घरी येऊन म्हणायचे, "हा उपदेश की वादविवाद स्पर्धा?"

पाळकसाहेब नगरकडचे. ऐंशीच्या दशकात रत्नागिरीला आले, काट्यांशी झुंजत मासे खायला शिकले आणि तेवढ्याच चिकाटीने घरोघर फिरले. "घर पाहिल्याशिवाय माणसासाठी प्रार्थना कशी करू?" असं त्यांचं म्हणणं.

त्याच सुमारास मंडणगडकडची शांताबाई चर्चमध्ये येऊ लागली. महारोगातून पूर्ण बरी झालेली, पण बोटं आखडलेली. ती शेवटच्या बाकावर बसे आणि तो बाक आपोआप रिकामा होई. प्रभुभोजनाला, म्हणजे येशूच्या शेवटच्या भोजनाच्या आठवणीत भाकर आणि प्याला घ्यायला, आम्ही सगळे वेदीपुढे गुडघे टेकायचो. तिला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून पाळकसाहेब भाकर आणि प्याला शेवटी तिच्या जागेवर नेऊन देत. आम्हांला ते फार प्रेमळ वाटायचं. सोयीचंही होतं म्हणा.

एका रविवारी त्यांचा नेहमीचा प्रश्न आला आणि शेवटच्या बाकावरून शांताबाईचं चक्क उत्तर आलं.

"चुकतंय, सायब. मना वायलं, येगलं का देताव? बरी झाले ती सगल्यांत बसायला ना?"

पाळकसाहेबांचा चेहरा उतरला. "खरंय बाई," ते म्हणाले, "दया करायच्या नादात मीच तुम्हाला बाहेर ठेवलं. पुढच्या प्रभुभोजनाची भाकर तुम्ही कराल का?"

वडील भडकले. "लोक उठून जातील, पाळकसाहेब!"

"जाऊ द्या. परत बोलवायला मी घरोघर जाईन. पण प्रभूच्या मेजावर दोन पंगती मांडणार नाही."

प्रभुभोजनाच्या त्या रविवारी वेदीवर शांताबाईची भाकर होती आणि निम्मं चर्च रिकामं होतं. शांताबाई वेदीपुढे एकटीच गुडघे टेकून बसली. शेजारी कोणी जाईना. तेवढ्यात माझी आई उठली आणि वडिलांकडे न बघता तिच्या शेजारी जाऊन टेकली. मला तर रडूच आलं. मागोमाग वडीलही गेले, कुरकुरत. बाकीच्यांना परत आणायला पाळकसाहेबांना वर्षभर चपला झिजवाव्या लागल्या.

पुढे त्यांची बदली झाली. नव्या पाळकांनी पहिल्याच बैठकीत विचारलं, "प्रभुभोजनाला बेकरीतून पाव मागवू या का?"

वडील ताडकन म्हणाले, "आमच्याकडे भाकर शांताबाई करतात. त्यांना विचारल्याशिवाय काही बदलायचं नाही."