अर्धं मळकं मिग

दातांचा दवाखाना उघडला तेव्हा माझ्याकडे पेशंट सोडून सगळं होतं. कॉलेज रोडला पहिल्या मजल्यावर जागा, हिरव्या रेक्झिनची खुर्ची, हवेत तरंगल्यासारखा दिवा आणि एक उत्तम कॉम्प्रेसर. हा कॉम्प्रेसर दाताच्या ड्रिलला हवा पुरवतो. पण त्याच हवेवर रंग फवारणारा एअरब्रश चालतो, आणि एअरब्रशने विमानाचं मॉडेल असं रंगवता येतं की कुंचल्याची एक रेघ दिसत नाही. हे कळल्यावर पेशंट नसण्याचं दुःख बरंच कमी झालं.

नव्वदच्या दशकाच्या शेवटची गोष्ट. ओझरच्या विमान कारखान्याकडून अधूनमधून खरी विमानं यायची, खिडकीच्या काचा थरथरायच्या, आणि मी माझ्या टेबलावरचं तळहाताएवढं विमान हातात धरून वर बघायचो. आईवडिलांना वाटायचं, मुलगा दवाखान्यात बसून पेशंटची वाट बघतोय. मुलगा पंखावरचा प्रायमर वाळायची वाट बघत असे.

दवाखान्यात माझ्या मदतीला एक बाई होत्या. मी त्यांना ताई म्हणायचो. त्यांना विमानांचं कौतुक नव्हतं आणि रागही नव्हता. दारातून डोकं आत घालून त्या म्हणायच्या, "डॉक्टर, पेशंट आलाय. ते उतरवा आता." मग मी विमान औषधांच्या कपाटावर उतरवायचो. दवाखान्यात लवंगेच्या तेलाचा वास येतो तसा माझ्याकडे थिनरचाही यायचा. चांदवडकडची एक आजी खुर्चीत बसल्या बसल्या म्हणाली होती, "डॉक्टर, तुमच्याकडं ग्यारेजसारखा वास येतोय. दात काढता का पंक्चर?"

गॅरेजचं तिचं चुकलं नव्हतं. चंदेरी रंग मी मुंबई नाक्याजवळच्या एका गाड्या रंगवणाऱ्याकडून आणायचो. प्लॅस्टिकवर तो थेट मारायचा नसतो, हे मला पहिल्या विमानाने शिकवलं. त्याचा डावा पंख विरघळून पापडासारखा वाकला.

पण माझा खरा जीव होता तो विमान मळवण्यात. नवंकोरं रंगवलेलं विमान खेळणं दिसतं. त्याच्यावर धूर, तेलाचे ओघळ, बुटांच्या खुणा, उन्हाने विटलेला रंग असं सगळं चढवलं की ते उडून आल्यासारखं दिसतं. आणि मळ कसा बसतो हे मला दुसऱ्या कुणी शिकवायची गरज नव्हती. दिवसभर मी चहाने, तंबाखूने, मिश्रीने रंगलेले दात बघत होतो. मळ उघड्या जागेवर बसत नाही. जिथे ब्रश पोचत नाही तिथे, हिरडीच्या कडेला, दोन दातांच्या फटीत तो बसतो. विमानाच्या पत्र्यांचे जोडही तसेच. पातळ केलेला काळपट तपकिरी तैलरंग त्या फटींत सोडायचा आणि वरचा पुसून घ्यायचा. सकाळी मी डाग काढायचो, दुपारी डाग लावायचो. दुसरं काम मला जास्त चांगलं जमायचं.

एके दिवशी हवाईदलातले निवृत्त विंग कमांडर कवळीसाठी आले. ताठ कणा, पांढऱ्या मिशा, आणि खुर्चीत बसले तरी उभे आहेत असं वाटावं असे. कपाटावरचं विमान बघून त्यांनी तोंडातला आरसा बाजूला सारला.

"हे कोणी केलं?"

"मी."

"मी मिग उडवलंय. माझं करून द्याल?"

मी हो म्हणालो. मी बनवणार त्या कवळीबद्दल त्यांना तेवढा विश्वास वाटत नव्हता, हे चेहऱ्यावर दिसत होतं.

मिगचं किट मामेभावाने सिंगापूरहून आणलं. त्यात विमानावर लावायची चिन्हं होती, पण सगळे रशियाचे लाल तारे. आपल्या हवाईदलाची तिरंगी वर्तुळं बंगळूरच्या एका छंदी माणसाकडून कुरिअरने मागवली. ही चिन्हं कागदावर असतात. कोमट पाण्यात भिजवली की वरचा पातळ पापुद्रा सुटतो, तो कुंचल्याने विमानावर सरकवायचा. त्या दिवशी मी ती दातांची हत्यारं ठेवायच्या किडनी ट्रेमध्ये भिजत घातली होती आणि विंग कमांडर वेळेच्या आधी आले. ते नेहमीच वेळेच्या आधी यायचे. मी घाईघाईने त्यांच्या जबड्याचं माप घेतलं, ते गेले, आणि ट्रेमध्ये बघतो तर एक वर्तुळ कमी.

ताईंनी फरशी शोधली, मी नॅपकीन झटकला. मग फोन वाजला. त्यांच्या पत्नी होत्या.

"डॉक्टर, यांच्या कानाखाली तिरंगी टिकली कसली चिकटलीय?"

माझ्या मनगटावरून ती त्यांच्या गालावर गेली असणार. मी माफी मागायला लागलो, तर पलीकडून विंग कमांडरांचा आवाज आला. "त्यांना सांग, गेटवरच्या वॉचमनने आज पहिल्यांदा नीट सॅल्यूट केला."

विमान तयार झालं तेव्हा मी स्वतःवर बेहद्द खूश होतो. चंदेरी अंग, मागच्या नळीला जळक्या धातूची निळसर तांबूस झाक, पोटाखाली तेलाचे बारीक ओघळ, चाकांवर मातीचा रंग. नवरा-बायको दोघं ते न्यायला आले. विंग कमांडरांनी चष्मा लावला, विमान हातात घेतलं, उलटं केलं, सुलटं केलं.

"हे घाण आहे," ते म्हणाले.

"सर, तो वापरल्याचा परिणाम आहे. खरं दिसावं म्हणून."

"माझं विमान असं कधीच नव्हतं."

माझ्या मते ते माझं सर्वोत्तम काम होतं. ताई दारात हाताची घडी घालून उभ्या होत्या, त्यांच्या चेहऱ्यावर आयतं नाटक बघायला मिळाल्याचं समाधान.

मग त्यांच्या पत्नी बोलल्या. "अहो, तुमचे ते ओव्हरॉल कोण धुवायचं? खांद्यावर, पाठीवर काळे डाग. रॉकेल लावून लावून माझी बोटं फुटायची. ते डाग काय ढगांतून पडायचे?"

"ते वेगळं."

"वेगळं काय त्यात? विमानाखाली वाकून बघत फिरायचात, ते ठिबकायचं तुमच्यावर. तुम्हीच सांगितलंय."

मला वाटलं, आता विंग कमांडर चिडतील. पण त्यांनी विमान टेबलावर ठेवलं आणि माझ्याकडे बघितलं.

"डॉक्टर, माझ्या विमानावर काम करणारी पोरं होती. मी यायच्या आधी ती फडकं घेऊन ते पुसत असायची. थंडीत बोटं वळायची नाहीत तरी पुसायची. तुम्ही ते मळकं दाखवलंत, म्हणजे त्या पोरांनी काम केलं नाही असं होतं. मी हे दिवाणखान्यात कसं ठेवू?"

विमान कसं मळतं याचा मी पुष्कळ विचार केला होता, ते पुसतं कोण याचा एकदाही नाही.

मार्ग ताईंनी काढला. "मग अर्धं पुसा की," त्या म्हणाल्या, जणू ओट्याबद्दल बोलत होत्या.

मी तसंच केलं. कापसाचा बोळा टर्पेंटाइनमध्ये बुडवून डावी बाजू हळूहळू साफ केली. दात साफ करताना कधी केली नसेल इतकी काळजी घेतली. उजवी बाजू तशीच मळकी ठेवली. आमच्या छंदात याला कुठेही बक्षीस मिळालं नसतं.

नंतर गंगापूर रोडला त्यांच्या घरी मी बऱ्याचदा गेलो. विमान टीव्हीवर असे. ते एकटे घरी असले की स्वच्छ बाजू समोर. त्यांच्या पत्नीने धूळ पुसली असेल त्या दिवशी तेलाचे ओघळ समोर. दोघांपैकी कुणी त्याबद्दल बोलत नसे. एकदा चहा घेताना माझ्या डोळ्यांदेखत त्या येताजाता विमान फिरवून गेल्या, आणि थोड्या वेळाने पेपर घ्यायच्या निमित्ताने उठून विंग कमांडरांनी ते परत फिरवलं.

मग त्यांच्या कॉलनीत माझं नाव झालं, दातांसाठी नव्हे. नौदलातून निवृत्त झालेले एक गृहस्थ दवाखान्यात आले. त्यांना त्यांचं जहाज हवं होतं. "पण गंज अजिबात नको," ते म्हणाले.

मी म्हणालो, "करतो सर. आधी वहिनींना घेऊन या."