पोथीतली शिक्षा

आमच्या यांचं नाव शामराव. घ्या, उखाण्याशिवाय घेतलं. अख्खी नोकरी भिलाईच्या स्टील कारखान्यात, रेल मिलमधी काढली. आता रिटायर होऊन घरी बसले, म्हणजे माझ्या डोक्यावर बसले. माणूस वाईट नाही. फक्त स्वतःच्या मनानं एक पाऊल टाकत नाही, पोथीले विचारल्याशिवाय.

आमचं मूळ तुमसरकडचं. माझे सासरे भाऊराव धानाची शेती भावाले सोपवून भिलाईत आले, तेव्हा त्यांच्यासोबत एक ट्रंक आणि एक पोथी आली. ट्रंक कधीच भंगारात गेली. पोथी आहे, लाल फडक्यात बांधलेली, देवघराच्या खालच्या फळीवर. तिचं नाव मात्र विचारू नका, आमालेच माहीत नाही. पहिली पानं उंदरानं खाल्ली, तुमसरच्याच उंदरानं, मी सून म्हणून यायच्या आधी. मी नवीन होती तेव्हा सासूबाईले विचारलं, "कोणती पोथी होय ही?" त्या म्हणे, "आपली." संपला विषय.

मामंजी जाताना याईले, म्हणजे आमच्या यांले, सांगून गेले, "सगळं याच्यात आहे. दुसरीकडं पाहू नको." आणि याईनं नाही पाहिलं. काही अडलं की आंघोळ करायची, फडकं सोडायचं, डोळे मिटून पान उघडायचं आणि बोट ठेवायचं. बोटाखाली जी ओवी येईल ते उत्तर. आमच्या घरी याले 'बोट ठेवणं' म्हणतात. फ्रिज घ्यायचा का, ठेव बोट. चुलतभावाच्या घरी लग्नाले जायचं का, ठेव बोट. स्कूटरच्या वेळी पायी हिंडणाऱ्या साधूची ओवी निघाली, तर हे तोंड पाडून बसले. मग एक दिवस म्हणे, "त्या दिवशी बोट घसरलं होतं." पुन्हा ठेवलं आणि स्कूटर आली. मी काही बोलली नाही, कारण मागं बसायचं मलेच होतं.

याईचा मिलमधला सोबती बाबुलाल. भिलाई-3चा, पक्का छत्तीसगढी माणूस. त्याच्या घरी पोथीबिथी नाही, गुरूनं तोंडी सांगितलं तेवढंच. रिटायर झाल्यावरही दोघं संध्याकाळी सिविक सेंटरमधी चहाच्या ठेल्यावर भेटत आणि भांडत. मिलमधी मल्याळी होते, सरदार होते, बंगाली, तेलुगू, सगळे होते. प्रत्येकाच्या घरी एक पुस्तक आणि प्रत्येकाचं म्हणणं एकच, सगळं याच्यात आहे. बाबुलाल म्हणे, "शामराव, सबो झन के किताब म सब्बो बात हे, त फेर झगरा काबर होथे?" म्हणजे, सगळ्यांच्याच पुस्तकात सगळं आहे, तर मग भांडण कशाले? हे म्हणत, "बाकीच्यांचं मले माहीत नाही. आमच्या पोथीनं मले कधी फसवलं नाही." आणि घरी येऊन मले विचारत, "फसवलं का कधी?"

"पोथीनं नाही," मी म्हणे.

पण खरं सांगते, मलेही नवल वाटे. ज्या काळात फ्रिज नव्हता त्या काळातली पोथी फ्रिजचं कसं काय सांगते? की ती भलतंच काही सांगून राहिली आणि हे आपल्याले पाहिजे ते ऐकून राहिले? पोळ्या लाटताना मी हाच विचार करत बसे. विचारणार कोणाले? घरात विचारायची जागा एकच होती, आणि ती लाल फडक्यात होती.

मग यामिनीचं झालं.

यामिनी आमची एकुलती एक पोरगी. दुर्गच्या कॉलेजात बी.एस्सी. करून राहिली आहे. मले माझ्या बापानं मॅट्रिकच्या आधीच शाळेतून काढलं होतं, त्यामुळं ते कॉलेज तिचं जेवढं तेवढंच माझंही होतं. तुमसरचं एक स्थळ कधीपासून मागं लागलं होतं, पण पोरगी शिकून राहिली म्हणून आमीच थोपवून धरलं होतं. सेकंड इयरचा निकाल लागला, यामिनी म्हणाली, "पास झाली." हे तसेच चपला घालून सिविक सेंटरले गेले, पेढे आणले, आमच्या सेक्टरमधी क्वार्टरांची पूर्ण लाईन स्वतः हिंडले. बाबुलालच्या घरी भिलाई-3ले जाऊन त्याच्या तोंडात पेढा कोंबून आले. मले त्या दिवशी हा माणूस लय आवडला होता.

थोड्या दिवसांनी दुपारी यामिनीची मैत्रीण नीतू दारात आली. बिचारीले काही माहीत नव्हतं. "आंटी, यामिनी है क्या? फिजिक्स की पूरक परीक्षा की तारीख आ गई।"

हे व्हरांड्यात कूलरमधी पाणी भरून राहिले होते. पाईप हातातच राहिला, पाणी सगळं फरशीवर. पूरक परीक्षा कोणाले देतात, हे न समजण्याएवढे काही हे भोळे नाहीत.

नीतू गेल्यावर याईनं जो आवाज चढवला, तो मिलमधी चढवत असतील, घरी कधी ऐकला नव्हता. "पेढे वाटले मी! सगळ्या लाईनीपुढं माझी चेष्टा केली तू, चेष्टा!"

आता याईची मराठी पोथीतली. पोरगी शिकली हिंदी शाळेत, तिची मराठी माझ्यासोबत वरण-भाजीपुरती. हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्न. ती हुंदके देत म्हणे, "चेष्टा तर केली ना बाबा! लय चेष्टा केली, पण फिजिक्स निघालंच नाही!"

याईले वाटलं, पोट्टी तोंडावर कबूल करून राहिली. मले हसूही आलं आणि रडूही आलं. मी पदर तोंडाले लावून आत गेली.

त्या दिवशी याईनं दुसऱ्यांदा आंघोळ केली. आमाले दोघींले देवघरापुढं बसवलं. डोळे मिटले, पान उघडलं, बोट ठेवलं, आणि मोठ्यानं वाचलं.

"चुकलें लेकरूं आपुलें । त्यासी शिक्षा द्यावी वहिलें…"

आणि तिथंच थांबले. "ऐकलं? शिक्षा. वहिलें म्हणजे लवकर. झालं तर मग. कॉलेज बंद. रविवारी तुमसरवाले येऊन पोरगी पाहून जातील, मी फोन करतो."

पोथीपुढं मी काय बोलणार? पण यामिनी पुढं सरकली. नाकाचं पाणी ओढत तिनं बापाच्या बोटाखाली वाकून पाहिलं. लिपी तर तीच ना.

"बाबा, यात तर चांगलं लिहिलं आहे. शिक्षा द्या. मतलब पढ़ाओ."

"शिक्षा म्हणजे दंड!"

"शिक्षा म्हणजे पढ़ाई, बाबा. शिक्षा विभाग, शिक्षा मंत्री. ते काय दंड देतात?"

फिजिक्सवाले देतात, मी मनात म्हटलं. याईनं पोथी मिटली, फडकं बांधलं, पण गाठ काही नीट बसेना. फोनकडं एकदा पाहिलं आणि नाही केला. मले तेव्हाच कळलं, डोक्यात शंकेचा किडा शिरला.

दुसऱ्या दिवशी सकाळीच स्कूटर काढली. पहिले बाबुलाल. तो म्हणे, "शिक्षा? इस्कूल. अउ का?" त्याच्यावर विश्वास नाही, तो हिंदीवाला. म्हणून मग मराठी मंडळात गेले, अच्युतराव मास्तरांकडं. जन्मभर मराठी शिकवलेला माणूस, तो तरी आपल्या बाजूनं बोलेल. अच्युतराव म्हणे, "अहो शामराव, जुन्या मराठीत दोन्ही अर्थ चालतात. दंडही आणि शिकवणही. ग्रंथ कोणाचा, कधीचा, ते कळलं तर काही सांगता येईल. पहिलं पान आणा."

"पहिलं पान उंदरानं खाल्लं."

"मग उंदराला विचारा," अच्युतराव म्हणे, आणि चहा सांगितला.

हे घरी आले ते सरळ स्वयंपाकघरात. हा माणूस पाणी प्यायलेही आत येत नाही, बाहेरून हाक मारते. पोथी काखेत, चष्मा कपाळावर. ओट्याले टेकून उभे राहिले.

"पुन्हा बोट ठेवून पाहा," मी म्हटलं. "स्कूटरच्या वेळी नव्हतं का ठेवलं?"

"ती स्कूटर होती," हे म्हणे. "ही पोरगी होय."

एवढ्या वर्षांत मले या माणसाचा इतका राग कधी आला नव्हता आणि इतकी मायाही कधी वाटली नव्हती, दोन्ही एकाच वेळी. हात पुसून मी जवळ गेली.

"पोथी खोटी नाही," हे म्हणे. "पण दोन्ही अर्थ लागून राहिले. एक मले पाहिजे तो, एक तिले पाहिजे तो. खरा कोणता, हे आता कोणाले विचारू?"

"पहिले ओवी तर पुरी वाचा. अर्धीच वाचली तुमी."

याईनं चष्मा डोळ्यांवर घेतला, पान शोधलं.

"उगें राहोनि सोडिलें । तो दोष मायबापा ॥"

वाचून झालं तरी नजर पानावरच होती. मग माझ्याकडं पाहून म्हणाले, "म्हणजे काय होते गं याचं?"

मले! पोथीचा अर्थ मले विचारला! दुसरी एखादी बाई असती तर लाजून म्हणाली असती, मले काय समजते. मी नाही लाजली.

"म्हणजे असं, की गप्प राहून सोडून दिलं तर दोष मायबापाचा. पोरगी एका घरात आपल्यासोबत जेवून राहिली, आणि तिचं कसं चालू आहे हे आपण विचारलं नाही. पेढे आणायले तुमी धावले, पण निकालाचा कागद पाहायले मागितला का?"

याईनं पोथी ओट्यावर ठेवली, पिठाच्या डब्याजवळ, सोवळं-ओवळं काही न पाहता. बाहेर जाऊन यामिनीच्या पलंगाजवळ खुर्ची ओढून बसले. मी दारात उभी.

"कावून लपवलं, बेटा?"

यामिनी खाली पाहून राहिली होती. म्हणे, "मी खरं सांगितलं असतं, तर तुमी पोथीले विचारलं असतं, बाबा. मले नसतं विचारलं."

याईचा चेहरा असा पडला की मलेच पाहवेना. हळूच म्हणाले, "मग आता विचारून राहिलो ना. सांग."

आणि ती बोलत गेली. शाळा सगळी हिंदीत, कॉलेजात फिजिक्स एकदम इंग्लिशमधी. सर काय बोलतात ते पहिल्या वर्षापासूनच डोक्यावरून जाऊन राहिलं. सगळे वहीत उतरवतात म्हणून तीही उतरवते. विचारायची लाज वाटते. घरी सांगायची भीती वाटते. याईनं मधी एकदाही तोंड उघडलं नाही, आणि हे मी शप्पथ घेऊन सांगते, असं आधी कधी झालं नव्हतं. सगळं ऐकून एवढंच म्हणाले, "मिलमधी मलेही पहिले इंग्लिश नावं समजत नव्हती. बाबुलालले विचारायचो, त्याले तर माझ्याहून कमी येत होतं."

ती हसली. तुमसरले फोन गेला नाही.

पण सोडलंही नाही हं. रविवारी इस्त्रीचा शर्ट घातला, यामिनीले स्कूटरवर मागं बसवलं आणि जिथं जिथं पेढे वाटले होते त्या प्रत्येक दारात गेले. मी गच्चीवरून पाहत होती. आमच्या लाईनीत तर याईचा आवाजच ऐकू येत होता. "पोरगी फिजिक्समधी फेल आहे. मी न पाहता पेढे वाटले. परीक्षेले पुन्हा बसून राहिली ती. पेढे वापस मागायले नाही आलो." यामिनी बाजूले मान घालून उभी. शिक्षाच होती ती, मराठीतली. आणि एकट्या पोरीलेच नव्हती.

हिंदीतलीही सुरू आहे. नीतू रोज संध्याकाळी येते, दोघी मोठ्यानं वाचतात, आणि हे मधी मधी जाऊन विचारतात, "समजलं का? नाही समजलं तर नाही म्हण." परीक्षा व्हायची आहे, निघेल का नाही, मले माहीत नाही. पोथी तिच्या फळीवर आहे. तिनं याईले फसवलं असं मी अजूनही म्हणणार नाही. तिनं तो शब्द काढला नसता, तर हे स्वयंपाकघरात आलेच नसते. पण ओवी अर्ध्यावर सोडणारा माणूस असेल तर पोथी तरी काय करेल, हेही मले पडलेलं कोडं आहे.

त्या रविवारचं शेवटचं घर बाबुलालचं. तिथलं यामिनीनं घरी येऊन सांगितलं. बाबुलालनं सगळं ऐकलं, तिच्या डोक्यावर हात ठेवला, 'नोनी' म्हटलं. तो लेकीले नोनी म्हणते. मग हसून याईले विचारलं, "त तोर किताब म का जवाब निकलिस, शामराव?" म्हणजे, तुझ्या पोथीत काय उत्तर निघालं?

हे त्याच्याच बोलीत म्हणाले, "किताब म तो सवाल निकलिस, बाबुलाल. जवाब नोनी ले पूछेंव."