टोस्टसाठी एक वापरलेला कोट

कपाटाच्या वरच्या फळीवर रिकाम्या पिशव्या साठतात, तसे आमच्या गटात किस्से साठतात. कोणी कधी ठेवले आठवत नाही. दार उघडलं की सगळे एकदम अंगावर. परवा नाईक नुसतं "कोट" म्हणाले आणि हे सगळं खाली आलं. यातला निम्मा वेडेपणा माझा आहे. बहुधा निम्म्याहून जास्त.

गट म्हणजे आम्ही तिघे. मी, संख्याशास्त्राचा निवृत्त प्राध्यापक. नाईक, विमा कचेरीतून निवृत्त. आणि पाचूबंदरचा पास्कल, बँकेतून. रोज सकाळी किल्ल्यापर्यंत चालायचं आणि जेट्टीच्या कठड्यावर बसायचं, एवढाच कार्यक्रम.

पास्कलच्या मुलीचं, रीनाचं, लग्न ठरलं. त्यांच्याकडे रिसेप्शनला टोस्ट असतो. एकाने स्टेजवर उभं राहून नवरानवरीबद्दल चार शब्द बोलायचे, मग सगळ्यांनी ग्लास उंचावायचे. घरच्यांना त्यासाठी पास्कलचा मेव्हणा हवा होता. पास्कल अडून बसला. "टोस्ट सरच बोलनार. सरांनी गनित घेतलं म्हनून पोरगी पास झाली."

मेव्हण्याने महिनाभर अबोला धरला. म्हणजे माझी फजिती झाली तर ती पास्कलची. आणि टोस्ट बोलणाऱ्याच्या अंगात कोट हवाच. माझ्याकडे कोट नव्हता.

नवा शिवायचं म्हटलं तर आमची ही म्हणाली, "एकदा घालाल आणि मग जन्मभर त्याला डांबरगोळ्या घालत बसाल." भाड्याचा आणावा तर त्यावर माझ्या हातून काहीतरी सांडणार, याची मला पक्की खात्री. उरला वापरलेला.

पास्कल म्हणाला, कापड हाताला लागलं पाहिजे, समोर जाऊन घ्या. नाईकांकडे नुकतंच ब्रॉडबँड आलं होतं. ते म्हणाले, आता सगळं ऑनलाइन. मी दोघांचंही ऐकलं. आयुष्यभर हेच केलंय.

*

पेपरातली छोटी जाहिरात बघून विरारला गेलो. चार जिने चढून बेल वाजवली. दार उघडलं ते कोट घातलेल्या गृहस्थांनी. दिवस एप्रिलचे.

"शेवटचा घालून बघतोय," ते म्हणाले.

मग चहा झाला. अल्बम निघाला. साखरपुड्यात तोच कोट, मुलाच्या मुंजीत तोच कोट, निरोपसमारंभात हार घातलेला तोच कोट. घाम पुसत ते प्रत्येक फोटो समजावून सांगत होते. तासाभराने मलाच राहवेना. म्हटलं, असू द्या, तुम्हालाच शोभतो. त्यांनी माझे दोन्ही हात धरले.

जिन्यापर्यंत त्यांच्या पत्नी सोडायला आल्या. हळूच म्हणाल्या, "जाहिरात मी दिली होती. कोट निघत नसेल तर ह्यांच्यासकट न्या."

*

नालासोपाऱ्याला रविवारी रस्त्याच्या कडेला जुन्या कपड्यांचे ढीग लागायचे. पास्कलबरोबर तिथे गेलो. एक राखाडी कोट चक्क अंगात बसला. आरसा नव्हता, म्हणून पास्कललाच विचारलं. तो म्हणाला, येक नंबर. पण बाही अर्धा इंच लांब नाही ना? कोपरावर चमक नाही ना? मी हात वर करून, खाली करून, कठड्यावर बसल्यासारखं वाकून बघत होतो.

तेवढ्यात एक इसम आला, माझ्या बाहीचं कापड चिमटीत धरून बघितलं, विक्रेत्याशी दोन वाक्यं बोलला आणि सौदा झाला.

"काका, जरा हात मागे घ्या," विक्रेता म्हणाला, आणि कोट माझ्या अंगावरून उतरवून त्याने पिशवीत घातला. "तुम्ही विचार करा आरामात. माल खूप आहे."

परतीच्या वाटेत नायगावचा पूल लागला असता तर सरांनी ओलांडण्याआधी तोही मोजून घेतला असता, असं पास्कलने नंतर नाईकांना सांगितलं.

*

मग ऑनलाइन. नाईकांच्या घरी बसून मी एका विक्रेत्याला ईमेल लिहिला. अकरा प्रश्न होते. छाती बटण लावून मोजली की उघडी, टेप कापडी की धातूची, मोजताना चूक किती गृहीत धरावी, वगैरे. उत्तर एका ओळीचं आलं. "अंकल, कोट आहे, रॉकेट नाही."

दुसऱ्याने मापं दिली. फोटो तिकिटाएवढा. काळ्या कोटाच्या कडेने पिवळट रेघ दिसत होती. मला शंका आली. नाईक म्हणाले, "सर, खिडकीतून ऊन पडलंय त्यावर."

कुरिअर आलं. ऊन कोटाबरोबरच आलं होतं. सोनेरी फीत, पितळी बटणं, खांद्यावर झालरी. कुठल्यातरी बँडवाल्याचा कोट! मापं मात्र तंतोतंत.

पास्कलने तो दोन्ही हातांत धरून बराच वेळ पाहिला. "चालेल," तो म्हणाला, "पन मग टोस्ट वाजवून दाखवा."

*

लग्नाला तीन आठवडे उरले तेव्हा शेवटचा कोट सापडला. "दुकान बंद करत आहे. एकच नग. काळा. कधीही न वापरलेला." समोरून घेतलेला मोठा, स्वच्छ फोटो. मी कॉलरपासून खिशापर्यंत सगळं विचारलं. सगळ्याची सभ्य उत्तरं आली. झोप लागेना, म्हणून पुन्हा विचारलं. पुन्हा सभ्य उत्तरं.

पार्सल आलं लग्नाच्या आदल्या संध्याकाळी. कापड सुरेख. घडी उलगडली, आणि पाठ नव्हती. कॉलरखालून थेट खालपर्यंत मोकळं, मध्ये बांधायला चार नाड्या. पाठीबद्दल मी विचारलं नव्हतं. पाठ असते, असं मी गृहीत धरलं होतं.

दोघांना बोलावून घेतलं. पास्कलने कोट पाहिला आणि छातीवर क्रूस केला.

"सर, हा चालनाऱ्या मानसाचा कोट नाय. आमच्यात मयताला शवपेटीत घालतात तेव्हाचा. त्याला उठवून बाह्या चढवता येत नाय, म्हनून पाठ उघडी."

नाईकांनी चारही नाड्या बांधून, सोडून बघितल्या. मग म्हणाले, "एक नक्की, सर. सेकंडहँड नाही."

*

दुसऱ्या दिवशी तोच घातला. दुसरा होता तो बँडवाल्याचा. हिने आतून चार टाके घालून नाड्या लपवल्या, तरी मधून टीचभर पांढरा शर्ट दिसतच होता. मेव्हणा पहिल्या रांगेत हाताची घडी घालून बसलेला. पास्कल कानात म्हणाला, "समोरून येक नंबर हाय. लोकांकडे पाठ करू नका, बस."

लोकांकडे केली नाही. पण नवरानवरी माझ्या मागेच उभी होती. मी दुसरं वाक्य बोललो आणि रीनाला हसू फुटलं. मग नवऱ्याला. त्यांना हसताना बघून अख्खा हॉल हसायला लागला. चाळीस वर्षं शिकवलं, माझ्या बोलण्यावर कोणी हसल्याची ही पहिलीच वेळ. ग्लास उंचावले गेले. मेव्हण्यानेही उंचावला. पास्कल डोळे पुसत होता, कशामुळे ते मी विचारलं नाही.

मी लोकांकडे तोंड ठेवून, उलट्या पावलांनी स्टेजच्या मागच्या बाजूने उतरलो आणि तिथल्या एका खुर्चीवर आदळलो. तिथे पास्कलचे चुलते बसले होते, नव्वदीचे, पाचूबंदरचे जुने मच्छीमार. त्यांनी सगळं मागून पाहिलं होतं. मला शेजारी बसवून घेतलं आणि बाहीवरून सावकाश हात फिरवला.

"मास्तर, माझा पन असाच शिवून ठेवलाय. कपाटात हाय. घालून बघायची छाती नाय झाली." मग जरा जवळ सरकून विचारलं, "आतून कसा वाटतो?"

"खांद्यात जरा सैल आहे," मी म्हणालो.

त्यांनी माझ्या बाहीला लागलेला केकचा कण बोटाने टिपला.

"सैलच बरा."