बसून उठताना

त्या हिवाळ्यात आमच्या घरी जो कोणी येई त्याला पोरीचे बाबा खाली बसायला सांगत. खाट रिकामी असली तरी खालीच. माणूस चहा पिऊन उठू लागला की चालू बोलणं सोडून हे त्याच्या पायांकडे पाहत राहत. आलेल्या माणसाला काही कळत नसे. मला कळत होतं, म्हणून मी चुलीपाशी तोंड करून बसायची.

ही यांची बैल पाहायची रीत. शेती आमची धानाची, थोडकी. पण आसपासच्या गावांत कोणाला बैल घ्यायचा असला की बाजाराला यांना सोबत नेत. बाकीचे लोक शिंगं पाहत, दात पाहत, शेपटीचा गोंडा पाहत. हे बैलाला बसवायचे आणि उठवायचे. बैल उठताना आधी मागचं अंग उचलतो आणि पुढच्या गुडघ्यांवर जरासा थांबतो. "त्या थांबन्यातच सारं हाय," म्हणत. जास्त थांबला तर तो बैल नांगराचा नाही. मालक कितीही बोलो, हे दोरी परत त्याच्या हातात देत.

आता त्यांना पोरीसाठी एक खेळ निवडायचा होता, आणि तो निवडायची दुसरी रीत त्यांना माहीत नव्हती.

पोरगी नववीत होती. सायकलनं धानोऱ्याच्या शाळेत जायची. खेळाचे नवीन सर आले आणि त्यांनी पोरींचा फुटबॉल सुरू केला. आमच्याकडे पोरी खो-खो खेळत, फार तर कबड्डी. फुटबॉल म्हणजे पोरांचा. आमची दोन्ही खेळायची, खो-खोही आणि फुटबॉलही. घरी कोणी काही म्हणत नव्हतं, कारण कोणी पाहायला गेलं नव्हतं. मी एकदा गेले होते, पण ते कोणाला सांगितलं नव्हतं. बाजाराच्या दिवशी भाजी घेऊन शाळेच्या कुंपणाबाहेरून चालले होते, आणि आतून कोणी ओरडलं, "इकडे दे! इकडे दे ना वो!" मी थांबले. तो आवाज माझ्या पोरीचा होता. इतक्या मोठ्यानं मी जन्मात कोणाला काही मागितलं नव्हतं. तिनं मागितलं आणि चेंडू तिच्याकडे आला. मी पदर तोंडाला लावून तिथंच उभी राहिले. वांगी पिशवीतून घसरून पडली तेही कळलं नाही.

मग दिवाळीनंतर तिच्याच फुटबॉलच्या टीममधल्या एका पोरीचा खेळताना पाय मोडला. बाजूच्या गावची पोर. खटारगाडीत धानाच्या तणसावर निजवून तिला घरी आणलं, आमच्याच दारासमोरून. पायाला पांढरं प्लास्टर, आणि तिची आई गाडीच्या मागे चालत होती.  त्या संध्याकाळी हे जेवले नाहीत, आणि दुसऱ्या दिवसापासून येईल त्याला खाली बसवू लागले.

त्यातच सर मोटारसायकलवर घरी आले. म्हणाले, "सुट्टीत चंद्रपूरला शिबिर आहे. पोरगी दोन्ही खेळांत चांगली आहे, पण दोन्ही शिबिरं एकाच वेळी आहेत. खो-खो का फुटबॉल, एक ठरवा. शिबिरात दिसली तर पुढं मोठ्या टीममध्ये जाईल. पुढच्या सोमवारी सांगा."

यांनी सरांनाही खाली बसवलं होतं. सर झटक्यात उठून निघून गेले.

"सराचे गुडघे चांगले हायेत," हे म्हणाले. "पन तो काही खेळत नाई, शिट्टी वाजवते."

तेव्हापासून खरा शोध सुरू झाला. हे म्हणत, खेळ कसा आहे ते आज खेळणाऱ्याला विचारून काय कळते? ज्याचं खेळून झालं त्याचं अंग पाहा. सरांनी न विचारलेली कबड्डीही यांनी धरली होती, पण ती पहिल्याच दिवशी बाद झाली, कारण शेजारी जुना कबड्डीवाला राहायचा. त्याचा खांदा असा उतरला होता की सदऱ्याची बाही त्याची बायको चढवून द्यायची. राहिले दोन.

फुटबॉलसाठी आम्ही घुग्घुसला गेलो. तिथं माझा मोठा भाऊ कोळशाच्या खाणीत कामाला, आणि तरुणपणी खाणीच्या टीममध्ये खेळलेला. गडचिरोली, चंद्रपूर असं करत एसटीनं पोचायला दिवस गेला. एसटीत माझे हात रिकामे राहत नव्हते. मी पदराचं टोक गुंडाळत होते आणि उलगडत होते. घुग्घुसला उतरलो तर ट्रकांच्या रांगा, धूळ. दादाच्या क्वार्टरसमोरच्या तुळशीची पानंसुद्धा काळपट.

दादाला खूप आनंद झाला. वहिनीनं खुर्च्या टाकल्या. हे म्हणाले, "खालीच बसू." जेवण झालं. दादा हात धुवायला उठू लागला. यांनी मान वळवली. दादाच्या उजव्या गुडघ्यातून काड्याची पेटी मोडावी तसा आवाज आला.

"आजून एकदा बसा बरं, भाऊ," हे म्हणाले.

"काऊन?"

"बसा तं."

दादा बसला, उठला. पुन्हा आवाज. तिसऱ्यांदा सांगितलं तेव्हा दादा कमरेवर हात ठेवून हसू लागला. "भाऊजी, मले बैल समजून राह्यले का? दात दाखवू?"

वहिनी आतून म्हणाली, "घेऊन जा वो धानोऱ्याले! थंडीत रातभर वाजते तो गुडघा, मले झोप नाई येत."

मग यांनी सगळं सांगितलं. दादा गंभीर झाला. खाली बसून पाय लांब केला आणि गुडघ्यावरून हात फिरवू लागला.

"हा फुटबॉलनं गेला का?" यांनी विचारलं.

"आता कसं सांगू? खेळत होतो तवा खाणीतबी होतो. खाली वाकून वाकून चालाव लागे, टोपले उचलाव लागे. आर्धा तिकडं धरा, आर्धा इकडं."

"आर्धा-आर्धा कसा धरू? मले पोरीचं ठरवाचं हाय."

दादानं पाय आखडून घेतला. मग माझ्याकडे पाहून बोलला, यांच्याकडे नाही. "बाई, दिवसा खाणीची पाळी राहे तवा उन्हाचं तोंड नाई दिसे. ग्राउंडवर होतो तेवढाच उजेडात होतो मी."

 परत येताना एसटीत हे म्हणाले, "गुडघा गेला तो गेलाच ना."

खो-खोसाठी मला पाठवलं. आमच्या अंगणवाडीच्या बाई लग्नाआधी खो-खो खेळायच्या, जिल्ह्यापर्यंत गेलेल्या. परक्या बाईला बसा-उठा कसं सांगणार, म्हणून हे काम माझ्याकडे आलं. मी त्यांच्याकडे लाखोळीची डाळ घेऊन गेले. दारात काय बोलावं ते सुचेना.  शेवटी पिशवीचं तोंड सैल केलं आणि डाळ ओसरीवर सांडू दिली.

"अगं बाई, सांडली ना!" म्हणत त्या उकिडव्या बसल्या आणि भराभर डाळ गोळा करू लागल्या. मीही बसले. माझं लक्ष डाळीकडे नव्हतंच. त्यांनी मूठ भरली आणि उभ्या झाल्या. हात जमिनीला नाही, गुडघ्याला नाही, भिंतीला नाही. जशा बसल्या तशा उठल्या. मी मात्र खालीच, डाळीचे दाणे वेचायचं निमित्त करून.

"तुमी खो-खो खेळत होत्या म्हनतात," मी म्हणाले.

"हो वो. लय खेळली. पायाले काही झालं नाई कधी," त्या म्हणाल्या. मी विचारलंही नव्हतं.

घरी येताना वाटेत माझ्या मनात आलं, या बाईंच्या पायाला धानाच्या बांधीतला चिखल कधी लागला का? माहेरीही शिक्षकाचं घर, सासरीही नोकरीचं. पण हे विचारायचं काम मला दिलं नव्हतं. मला वाटत होतं फुटबॉल राहावा. ते ओरडणं माझ्या कानातून जात नव्हतं. आणि गाडीतलं ते पांढरं प्लास्टरही डोळ्यांपुढून जात नव्हतं. दोन्ही एकदम. यांनी विचारलं तेव्हा जे पाहिलं तेच सांगितलं. "उठल्या. चांगल्या उठल्या."

"मंग खो-खो," हे म्हणाले.

रविवारी सकाळी पोरीला सांगितलं. मी अंगणात बसून सारवत होते. हे ओट्यावर, पोरगी दाराच्या चौकटीला टेकून उभी.

"मामाचा गुडघा पाहून आलो मी. उद्या सराले खो-खो सांगजो."

"बाबा, खो-खोतबी पडतातच ना."

"पडतात, पन एवढ्या जोरानं एकमेकीवर नाई आदळत. पाय मोडला तं मी काय करू? तुले गाडीत टाकून आनू?"

पोरगी रडली नाही. नखानं चौकटीचा रंग काढत राहिली. मी जिथं सारवून झालं होतं तिथंच पुन्हा हात फिरवत होते. शेण संपलं. आणखी आणायला उठले.

मी कशी उठते ते मला माहीत नव्हतं. कोणाला असतं? दोन्ही तळहात जमिनीवर टेकले, मागचं अंग वर केलं, एका गुडघ्यावर जराशी थांबले, मग टोपल्याचा काठ धरून सरळ झाले.

"बाबा," पोरगी म्हणाली. "आईले पाहलं?"

"काय?"

"आई कशी उठली ते."

मला वाटलं जमीन फाटावी. "मले कायले मधात आनतं वो," मी म्हणाले आणि गोठ्याकडे वळले.

"थांब," हे म्हणाले. "बस बरं एकदा."

"काम पडलं हाय."

"बस तं."

पोरीसमोर, शेणाच्या हातानं, मी बसले. आणि उठले. मुद्दाम हात न टेकता उठायला गेले तर जमलं नाही. पुन्हा खाली बसले. मग नेहमीसारखीच उठले. हे ओट्यावरून उतरून जवळ आले होते. बाजारात उभे राहतात तसेच वाकून, गुडघ्यांवर हात ठेवून पाहत होते. पण तोंडावर बाजारातला भाव नव्हता.

"कवापासून?"

"कवापासून म्हंजे? रोवनीपासून."

"कोनत्या रोवनीपासून?"

 चौथीतून नाव काढलं त्या पावसाळ्यापासून मी बायांच्या ओळीत आहे. कमरेत वाकून धानाची रोपं रोवत, मागं मागं सरत, चिखलातून एक एक पाय ओढून काढत. सगळ्याच बाया अशा उठतात. आमच्या गावात पोक्त बाई हात न टेकता उठली तर लोक वळून पाहतील.

पोरगी हळूच म्हणाली, "आई तं कोनताच खेळ नाई खेळली, बाबा."

ती उद्धटपणे बोलली नव्हती. तरी मी तिला डोळे वटारले. हे बैलांकडे गेले आणि दुपारपर्यंत तिकडेच होते. जेवायला बसले तेव्हा माझ्याकडे पाहिलं नाही; पण मी वाढून उठू लागले की त्यांचा घास हातातच थांबायचा. मला जेवण गेलं नाही. इतकी वर्षं कोणी पाहिलं नव्हतं ते बरं होतं, असंही वाटलं.

सोमवारी ते पोरीसोबत सायकलनं शाळेत गेले. काय सांगणार ते बोलले नव्हते आणि विचारायची माझी छाती झाली नाही. अंगण झाडलं. पुन्हा झाडलं. पाण्याला गेले तर भरलेली घागर तिथंच ठेवून रिकामी घेऊन आले. वाटेवर सायकलची घंटी वाजली की दारात यायची, दुसराच कोणी असायचा.

संध्याकाळी पोरगी आधी आली, सायकल भिंतीवर आपटून. "आई, बाबाचे जुने लांब मोजे कुठी हायेत? सरानं सांगतलं, फुटबॉलले मोजे पाहजे!"

मागून हे आले. घाम पुसत ओट्यावर बसले. म्हणाले, "रोज सांजच्याले मले बसून उठून दाखवाचं. दुखलं तं लपवाचं नाई." मग जरा वेळानं, माझ्याकडे न पाहता, "तूबी."

पुढच्या पावसाळ्यात रोवणीच्या वेळी हे बांधावर छत्री घेऊन उभे राहिले आणि आमच्या ओळीकडे पाहत राहिले. बाया वाकलेल्याच, पण एकीनं मान वर केली. "का जी, बैल घ्याले आले का? कोनती पसंत पडली?" सगळी ओळ हसली. हे लाजून निघून गेले. रोवणी जशी होती तशीच झाली. ती दुसऱ्या कोणत्या रीतीनं करायची हे यांनाही माहीत नव्हतं आणि मलाही.

पोरगी मोठ्या टीममध्ये गेली, दोन वर्षं खेळली. एकदा गुडघा सुजला, एकदा दात हलला. पाय मोडला नाही. सुट्टीला घरी आली की रोवणीच्या ओळीतही असायची, माझ्या बाजूला. आता तिचं लग्न झालं, ऊर्जानगरला असते, तिला स्वतःची लेक आहे. हिवाळ्यात आली की जेवताना डावा पाय जरा बाजूला घेऊन बसते.

"कोनता दुखते?" मी विचारते.

"कोनताच नाई वो आई," ती म्हणते आणि लेकीला घास भरवत राहते.

मी भाकरी मोडते, पण खात नाही. समोर हेही ताट सरकवून बसलेले असतात. आम्ही दोघं इकडचं तिकडचं बोलत, ती कधी उठते याची वाट पाहत असतो.